साडेतीन महिन्यांचे मोल

पित्ताशयाचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग शस्त्रक्रिया करता येणार नाही अशा अवस्थेत सापडला, की उपचाराची चर्चा आजही ज्या दोन औषधांपासून सुरू होते त्यांच्या पाठीशी दोन आकडे आहेत : ८.१ आणि ११.७. ब्रिटनमधल्या ३७ केंद्रांत ४१० रुग्णांवर झालेली ‘एबीसी-०२’ ही चाचणी २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. जेमसिटाबिन हे एकच औषध मिळालेल्या गटातले निम्मे रुग्ण ८.१ महिन्यांपर्यंत हयात होते. जेमसिटाबिनला सिस्प्लॅटिनची जोड दिलेल्या गटात हाच टप्पा ११.७ महिन्यांवर गेला. फरक ३.६ महिन्यांचा. बोलताना तो साडेतीन महिने होतो आणि डॉक्टरांच्या खोलीत तो उच्चारला गेला की घरच्यांची मने दोन दिशांना जातात. कोणी म्हणते, एवढ्यासाठी जिवाचे हाल कशाला करायचे? कोणी म्हणते, काहीही करा, जमीन विकू, पण सगळे करून पाहा. दोन्ही बोलण्यांमागे माया आहे, पण दोन्हींत त्या आकड्याचे वाचन चुकते. केमोथेरपी ‘घ्यायची की नाही’ असा हा प्रश्न नाही. कोणती केमो, कोणत्या प्रकृतीच्या माणसाला, कोणत्या हेतूने आणि कुठपर्यंत, असा तो आहे. तो एकदा विचारून संपत नाही, आणि ज्याचे शरीर आहे त्याला बाजूला ठेवून त्याचे उत्तरही देता येत नाही. गेल्या तीन दशकांतला पुरावा याच दिशेने बोट दाखवतो.

आधी आजाराचा स्वभाव समजून घ्यायला हवा. यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांमधून एकत्र येते, पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर आतड्यात उतरते. या वाटेवर कुठेही कर्करोग होऊ शकतो : यकृताच्या आतल्या नलिकांत, यकृतातून डावी-उजवी नलिका बाहेर पडून जिथे मिळतात त्या जोडावर, खालच्या मोठ्या नलिकेत किंवा पित्ताशयात. पित्ताशय यकृताला खालून चिकटलेले असते आणि त्याची भिंत पातळ असते, त्यामुळे तिथली गाठ यकृतात शिरायला फार अंतर लागत नाही. सुरुवातीची लक्षणे म्हणजे उजव्या बरगडीखाली दुखणे, पोट जड वाटणे, भूक मंदावणे. ही पित्ताची किंवा अपचनाची तक्रार समजून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. कावीळ दिसते, वजन उतरते, तेव्हा सोनोग्राफी होते आणि गाठ पसरलेली आढळते. काही वेळा खड्यांसाठी पित्ताशय काढल्यावर प्रयोगशाळेच्या तपासणीत आजार अनपेक्षितपणे सापडतो. म्हणून काढलेले प्रत्येक पित्ताशय तपासणीला गेले की नाही हे विचारून घेणे आणि तो अहवाल स्वतः हातात घेणे महत्त्वाचे. गाठ दुसऱ्या अवयवांत पोचली असेल किंवा मुख्य रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल, तर कापून काढण्याचा मार्ग बंद होतो. या लेखाचा विषय तिथून सुरू होतो.

हा आजार जगभर सारखा वाटलेला नाही. ईशान्य थायलंडमध्ये कच्चे मासे खाण्यातून पोटात जाणाऱ्या एका यकृतकृमीमुळे पित्तनलिकेचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. पित्ताशयाच्या कर्करोगाचे ओझे चिली आणि बोलिव्हिया यांच्यासारखेच उत्तर भारतावर आहे : उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, आसाम. दक्षिणेकडे येताना प्रमाण उतरत जाते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा स्पष्टपणे अधिक. पित्तखडे हा त्याचा सर्वांत ठळक सोबती आहे, पण खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीच होत नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पित्त वाहून नेण्याशी संबंधित दोन जनुकांमधले बदल आणि हा आजार यांचा संबंध दाखवला. परळच्या त्या रुग्णालयात उत्तरेकडून येणाऱ्या रुग्णांची रीघ असते, त्यामुळे हा आजार मुंबईला परका नाही. भूगोल इथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. पश्चिमेच्या श्रीमंत देशांत हा कर्करोग विरळ, म्हणून त्यावर मोठ्या चाचण्या होण्यास फार उशीर झाला. दशकानुदशके इतर कर्करोगांवरची औषधे अंदाजाने दिली जात होती. ती उपयोगी पडतात की नुसता त्रास देतात, याचे ठाम उत्तर कुणाकडे नव्हते.

ते उत्तर देणारी एक महत्त्वाची चाचणी आपल्याच देशात झाली. तिची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या पित्ताशय-कर्करोगाच्या ८१ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने, तीन गट केले गेले. पहिल्या गटाला केमो नाही, फक्त वेदना, कावीळ, जंतुसंसर्ग यांवरचे चांगले उपचार. दुसऱ्याला फ्लुरोयुरासिल आणि फोलिनिक ॲसिड ही जुनी, स्वस्त, त्या काळी सर्रास दिली जाणारी केमो. तिसऱ्याला जेमसिटाबिन आणि ऑक्झालिप्लॅटिन. निष्कर्ष २०१० मध्येच प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण ४.५ महिने जगले, दुसऱ्यातले ४.६ आणि तिसऱ्यातले ९.५. हे तीन आकडे एकत्र वाचले की ‘केमोचा काही उपयोग नसतो’ आणि ‘केमो दिलीच पाहिजे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी कोसळतात. जुन्या औषधाने आयुष्यात काही दिवसांचीसुद्धा खरी भर घातली नाही. नव्या जोडीने ते दुपटीहून अधिक केले. म्हणजे केमो हे एका गोष्टीचे नावच नाही. शेजारच्या कोणाला दुसऱ्या कर्करोगात दुसऱ्या औषधाने आलेला अनुभव, मग तो चांगला असो की वाईट, इथे लावता येत नाही. चाचणी लहान होती, एकाच रुग्णालयात झाली, हा आक्षेप योग्य आहे. पण ज्यांना केमो मिळाली नाही असा गट समोर ठेवून या आजारात झालेल्या तुलना मुळात मोजक्याच आहेत, आणि त्यांत या चाचणीचे वजन मोठे आहे.

आता पुन्हा ब्रिटनच्या आकड्यांकडे. ‘केमोने फक्त साडेतीन महिने वाढतात’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते, की त्यातली चूक कोणाच्या लक्षात येत नाही. एबीसी-०२ मध्ये केमो विरुद्ध काहीच नाही अशी तुलना नव्हती. दोन्ही गटांना केमो मिळत होती. साडेतीन महिने ही दुसऱ्या औषधाची कमाई आहे, साऱ्या उपचाराची नव्हे. जपानमध्ये ८४ रुग्णांवर झालेल्या अशाच चाचणीत ७.७ आणि ११.२ महिने असे जवळपास तेच अंतर दिसले, त्यामुळे हा योगायोग म्हणता येत नाही. दुसरीकडे, एबीसी-०२ चाच निकाल ‘मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी घटला’ असाही मांडता येतो आणि तोही खरा आहे. ३६ टक्के म्हटले की औषध चमत्कारी वाटते, ३.६ महिने म्हटले की निरुपयोगी, आणि दोन्ही आकडे एकाच वहीतून आलेले असतात. रुग्णाने डॉक्टरांकडे दोन्ही मागावेत. टक्के ऐकले तर ‘म्हणजे किती महिने?’ असे विचारावे आणि महिने ऐकले तर ‘कशाच्या तुलनेत?’ असे.

महिन्यांच्या आकड्यातही एक फसगत दडलेली आहे. ११.७ हा मध्यक आहे. शाळेच्या गणितात शिकवतात तसा, सगळ्यांना क्रमाने उभे केल्यावर मधोमध येणाऱ्या माणसाचा आकडा. त्याच्या अलीकडे निम्मे लोक असतात आणि पलीकडे निम्मे. अलीकडच्यांत कोणी दोन महिन्यांत गेलेले असते, पलीकडच्यांत कोणी दोन वर्षे पार केलेले असते. मध्यक ही एकट्या रुग्णाला दिलेली तारीख नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांनी अकरा महिने सांगितलेत’ हे वाक्य घरात फिरू लागते तेव्हा ते एका अर्थी आधार देते आणि दुसऱ्या अर्थी दिशाभूल करते. मध्यक काय लपवतो हे ‘टोपाझ-१’ या चाचणीत उत्तम दिसते. ६८५ रुग्णांच्या या चाचणीत जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनला दुर्वालुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या औषधाची जोड दिली गेली. २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या अहवालात मध्यक ११.५ वरून १२.८ महिन्यांवर गेला, म्हणजे वाढ अवघी सव्वा महिन्याची. पुढे तीन वर्षांचा हिशेब आला तेव्हा दुर्वालुमॅब मिळालेल्या गटातले शंभरातले सुमारे १५ जण हयात होते, दुसऱ्या गटातले सुमारे ७. बहुतेकांना थोडे आणि थोड्यांना पुष्कळ, असा हा लाभ आहे. तो सगळ्यांत सारखा वाटून सव्वा महिना म्हणणे जितके अपुरे, तितकेच प्रत्येकाला त्या १५ जणांतले समजून खर्चात उतरवणेही चुकीचे.

पण वाढलेले महिने कसे जातात? केमोविरुद्धचा सर्वांत जुना आणि सर्वांत माणुसकीचा आक्षेप हाच आहे. त्याला उत्तर देण्यासाठी ही औषधे काय करतात ते पाहायला हवे. जेमसिटाबिन पेशीच्या जनुकीय धाग्यातल्या एका घटकासारखे दिसते. वाढणारी पेशी ते खरे समजून धाग्यात ओवते आणि धागा तिथेच खुंटतो. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुग. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम तपासत असताना प्लॅटिनमच्या विद्युतपट्ट्यांतून सुटलेल्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबल्याचे दिसले आणि त्यातून या औषधाचा शोध लागला. ते जनुकीय धाग्यांना आडव्या गाठी मारते. या दोघांना कर्करोगाची पेशी आणि झपाट्याने वाढणारी निरोगी पेशी यांतला भेद पुरता कळत नाही, म्हणून रक्तातल्या पेशी घटतात, मळमळ होते, थकवा येतो. सिस्प्लॅटिन किडनीवर, कानांवर, हातापायांच्या नसांवर परिणाम करू शकते. पण या आजारात त्याची मात्रा इतर अनेक कर्करोगांपेक्षा बरीच कमी असते. ते आधी-नंतर सलाईन देऊन दिले जाते आणि उलटीवरची आजची औषधे पूर्वीपेक्षा पुष्कळ प्रभावी आहेत. पहिल्या आणि आठव्या दिवशी डोस, मग एक आठवडा विश्रांती, असे तीन आठवड्यांचे एक चक्र असते. बहुतेक वेळा सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येते. केस विरळ होतात, पण सरसकट टक्कल पडत नाही. एबीसी-०२ मध्ये दोन औषधांच्या गटात पांढऱ्या पेशी जास्त घटल्या, तरी त्यातून झालेल्या जंतुसंसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले.

त्रास मोजताना आजाराचा त्रासही मोजायला हवा, हे आपण विसरतो. केमो न घेतलेला माणूस सुखात नसतो. गाठ वाढत असते, दुखणे वाढते, भूक जाते, पोटात पाणी होते. स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वादुपिंड आणि पित्तमार्गाच्या कर्करोगाचे ९० रुग्ण होते. निम्म्यांना केमो आणि आधाराचे उपचार, निम्म्यांना फक्त आधाराचे उपचार मिळाले. आयुष्याचा मध्यक अडीच महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेला. शिवाय जगण्याचा दर्जा सुधारला किंवा दीर्घकाळ चांगला टिकला अशांचे प्रमाण केमोच्या गटात ३६ टक्के होते, दुसऱ्या गटात १० टक्के. अभ्यास लहान आहे, औषधे जुनी आहेत, दोन आजार एकत्र आहेत. तरी ‘केमो म्हणजे आयुष्याची लांबी घेऊन त्याचा दर्जा विकणे’ हे समीकरण त्याने खोटे ठरवले. गाठ आटोक्यात राहिली तर दुखणेही आटोक्यात राहते. याची दुसरी बाजूही त्याच आकड्यांत आहे. केमो घेतलेल्या बहुसंख्यांना तो लाभ मिळालेला नाही. म्हणून पहिल्या काही चक्रांनंतर ‘गाठ किती मिलीमीटर झाली’ याच्या जोडीने ‘जेवण जाते का, झोप लागते का, अंगणापर्यंत चालवते का’ हेही विचारले गेले पाहिजे.

आता हा उपचार कोणाला, हा प्रश्न. ज्या चाचण्यांचे आकडे आपण ऐकतो, त्यांतले रुग्ण निवडलेले असतात. स्वतःचे स्वतः करू शकणारे, दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर असणारे, किडनी ठीक असलेले आणि बिलिरुबिन जवळपास उतरलेले. अंथरुणाला खिळलेल्या, डोळे पिवळेजर्द झालेल्या माणसाला तीच औषधे दिली तर तेच ११.७ महिने मिळतील असे कोणतीही चाचणी म्हणत नाही. कावीळ असताना यकृत औषधे नीट हाताळू शकत नाही आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. म्हणून आधी पित्ताला वाट करून देणे हा पहिला उपचार आहे. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट बसवतात किंवा त्वचेतून सुई घालून पित्ताची नळी बाहेर काढतात. हे काम नीट झाले तर खाज थांबते, भूक परतते आणि जो कालपर्यंत केमोला अयोग्य होता तो काही आठवड्यांत योग्य होऊ शकतो. घाई करून काविळीतच केमो सुरू करण्याचा हट्ट धरू नये. स्टेंट बसवल्यानंतर थंडी वाजून ताप आला, लघवी पुन्हा गडद झाली, तर ते किरकोळ समजू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या आजारात जीव अनेकदा गाठीआधी तुंबलेल्या पित्तातल्या जंतुसंसर्गाने जातो.

कुठे थांबायचे, याबाबतचा पुरावा अधिक कडू आहे, पण तो टाळून चालणार नाही. पहिली औषधे निष्प्रभ झाल्यावर दुसरी केमो द्यावी का, हे तपासणाऱ्या ‘एबीसी-०६’ या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १६२ रुग्णांत मध्यक ५.३ वरून ६.२ महिन्यांवर गेला, म्हणजे महिनाभरापेक्षाही कमी. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे ११ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले. पुन्हा तोच आकार : थोड्यांना ठळक लाभ, बहुतेकांना फार कमी. औषधे वाढवली की लाभ वाढतो, हाही समज टिकला नाही. जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनमध्ये तिसरे केमो-औषध मिसळून अमेरिकेत ४४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्रास वाढला, आयुष्य ठोसपणे वाढले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासात वेगवेगळे पसरलेले कर्करोग असलेल्या, आधीची केमो निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांचे शेवटचे दिवस पाहिले गेले. ज्यांची प्रकृती तोवर चांगली होती, त्यांचे अखेरचे दिवस केमोमुळे अधिक खडतर झाल्याचे त्यात दिसले. ज्यांची आधीच खालावलेली होती, त्यांनाही केमोने दिलासा दिला नाही. आपल्याकडे ‘शेवटपर्यंत लढलो’ याला फार मान आहे. परंतु शेवटचा डोस आणि शेवटचा श्वास यांत अंतरच उरू नये, हा त्या लढण्याचा अर्थ असू शकत नाही. पहिल्या केमोच्या बाजूने जितका पुरावा आहे, तितकाच ती वेळेवर थांबवण्याच्याही बाजूने आहे.

थांबणे म्हणजे सोडून देणे, अशी भीती घरच्यांना वाटते, कारण उपशामक उपचार म्हणजे ‘आता काही करता येत नाही’ तेव्हाची खोली, असे चित्र मनात असते. हे चित्र बदलणारा अभ्यासही २०१० मधलाच आहे. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून उपशामक उपचार दिले गेले. वेदना, श्वास, झोप, मनाची घालमेल यांची देखभाल आणि पुढचे काय याविषयी मोकळे बोलणे. या गटात शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, नैराश्य कमी राहिले, आणि आयुष्याचा मध्यक ८.९ वरून ११.६ महिन्यांवर गेला. आजार वेगळा आहे, म्हणून हे महिने पित्ताशयाच्या रुग्णांच्या नावावर जमा करता येत नाहीत. पण वेदनाशमन हा केमोला पर्याय नसून तिचा जोडीदार आहे, एवढे त्यातून निश्चित निघते. पित्ताशयाच्या गाठीची वेदना पाठीपर्यंत भिडणारी असते. तिच्यासाठी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या उपयोगी आणि स्वस्त आहेत, आणि त्या मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदाही बदलला गेला. टाटा मेमोरियलमध्ये या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून यासाठीचे केंद्र आहे. पहिल्या केमोच्या आठवड्यातच या दारावर थाप मारायला हवी.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : एवढे सगळे रुग्णाशी बोलायचे तर आजार सांगावा लागेल, आणि सांगितले तर माणूस खचेल. ‘आईला काही सांगू नका’ असे डॉक्टरांच्या दाराबाहेर म्हणणाऱ्या मुलाच्या मनात कपट नसते. पण न सांगण्याने खरेच काय साधते? अमेरिकेतल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या सुमारे १,२०० रुग्णांना विचारले गेले. फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांना ही केमो आजार बरा करण्याची शक्यता नाही हे उमगलेले नव्हते. ज्या देशात रुग्णाला सांगणे हा रिवाज आहे, तिथली ही स्थिती. बरे होणार या समजुतीवर माणूस जो त्रास सोसायला तयार होतो, तो तीन-चार महिन्यांसाठी सोसेलच असे नाही. कदाचित आनंदाने सोसेलही. नातवंडाची परीक्षा, मुलीचे लग्न, शेताची वाटणी, कुणाशी तरी मिटवायचा जुना अबोला, यांपैकी काय राहिले आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते. त्याला अंधारात ठेवून घेतलेला निर्णय कितीही मायेचा असला तरी दुसऱ्याच्या वेळेचा खर्च आपण ठरवण्यासारखा आहे. सगळे एका दमात सांगावे असे नाही. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ हा प्रश्न विचारता येतो आणि ‘एवढेच पुरे’ या उत्तराचाही मान राखता येतो. मात्र तो प्रश्न रुग्णाला विचारला गेला पाहिजे, त्याच्या मुलाला नव्हे.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो कमी महत्त्वाचा म्हणून शेवटी घेतलेला नाही. जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन, ऑक्झालिप्लॅटिन ही जुनी औषधे आहेत, भारतात अनेक कंपन्या ती बनवतात, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या केमोचा समावेश आहे. म्हणजे या आजारातल्या सिद्ध लाभाचा मोठा भाग कर्ज न काढता मिळू शकतो. दुर्वालुमॅबसारख्या औषधाच्या एकेका डोसचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि त्यातून काही मोजक्यांनाच दीर्घ लाभ होतो. तो कोणाला होईल हे आधी खात्रीने ओळखता येत नाही. ज्यांना झेपते त्यांनी ते घेण्यात गैर काही नाही. पण ज्यांना झेपत नाही, त्यांनी आपण माणसाला वाचवू शकलो नाही हा डाग मनाला लावून घेण्याचे काही कारण नाही. नव्या विज्ञानातला जो भाग परवडणारा आहे, तो मात्र सुटता कामा नये. पित्ताशयाच्या काही गाठींत, साधारण दहातल्या एक-दोघांत, हर-टू हे प्रथिन वाढलेले असते. ते पाहण्याची पद्धत स्तनाच्या कर्करोगासाठी सर्रास वापरली जाते, आणि त्यावरच्या ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या २०१४ पासून बाजारात आहेत. यकृताच्या आतल्या नलिकांच्या कर्करोगातही काहींत नेमके औषध लागू पडेल असे जनुकीय बदल सापडतात. म्हणून बायोप्सीचा तुकडा जपून ठेवणे आणि ‘यावर आणखी कोणती तपासणी उपयोगी आहे?’ हे सुरुवातीलाच विचारणे शहाणपणाचे. हाच पैसा खात्रीचा इलाज सांगणाऱ्या जाहिरातींकडे वळतो, तेव्हा त्यांनाही तोच प्रश्न विचारावा : किती रुग्ण, कशाच्या तुलनेत, किती महिने? केमोने निदान आपला हिशेब, अपयशासकट, उघड्यावर मांडला आहे.

त्या हिशेबात एक तपशील आहे, जो आकड्यांच्या गर्दीत नजरेआड होतो. एबीसी-०२ मध्ये उपचार सलग २४ आठवडे ठरवून टाकलेला नव्हता. आधी १२ आठवडे, मग थांबून तपासणी, आणि आजार वाढलेला नसेल तरच पुढचे १२ आठवडे, अशी तिची आखणी होती. आपण ११.७ हा आकडा उचलला आणि ती आखणी तिथेच ठेवली. घराघरांत ती परत आणायला हवी. पहिल्या दिवशी डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी मिळून ठरवावे की आपण बारा आठवड्यांसाठी सुरुवात करतो आहोत. बारा आठवडे संपले की पुन्हा बसू, स्कॅन पाहू, वजनाचा काटा पाहू, आणि मधल्या काळात रुग्णाला जे करायचे होते त्यातले काय जमले हे त्याच्याच तोंडून ऐकू. उत्तर चांगले असेल तर पुढचे बारा आठवडे. नसेल तर औषध बदलणे किंवा थांबणे, आणि थांबल्यावरही वेदनेची गोळी, नर्सचा फोन, रात्री ताप आला तर कुठे जायचे याची चिठ्ठी हातात असणे. साडेतीन महिन्यांचे मोल कोणत्याही चाचणीला ठरवता येत नाही, ते ज्याचे महिने आहेत त्यालाच ठरवता येते. आपले काम एवढेच की त्याच्यापुढे खरा आकडा ठेवायचा, त्याची कावीळ उतरवायची, त्याचे दुखणे शमवायचे, आणि दर बारा आठवड्यांनी त्याला पुन्हा विचारायचे.